ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प

महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील व्याघ्र प्रकल्प. चंद्रपूरच्या उत्तरेस सुमारे ४५ किमी. व नागपूरपासून सुमारे १४० किमी. गाभा क्षेत्र ६२५.८२ चौ. किमी., बफर क्षेत्र ११०१.७७ चौ. किमी. (जुन्या पुस्तकांतला ११६.५५ चौ. किमी. हा आकडा फक्त मूळ राष्ट्रीय उद्यानाचा.) हे उद्यान १९५५ मध्ये, हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात असताना झाले. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. जंगल शुष्क पानझडी. साग व बांबू मुख्य, जोडीला ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह.

ताडोबा म्हणजे माणसाचा हात न लागलेले रान, अशी बहुतेक पर्यटकांची समजूत असते. इथला पुरावा तिच्या उलट आहे. ज्या तळ्यामुळे उद्यान ओळखले जाते, त्याच्या काठी तारू या गोंड प्रमुखाचे देवस्थान आहे. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला, लोकांनी त्याला देव मानले आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव आले, असे परंपरा सांगते. पौषात आदिवासींची तिथे जत्रा भरत आली आहे. मोहर्लीकडून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. ते चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळचे मानतात. राजाच्या आगमनाची सूचना दोर व घंटांनी पुढे पोहोचवण्यासाठी ते होते असे मार्गदर्शक सांगतात. कोणी त्यांना केवळ वाटेच्या खुणा समजतात. उपयोग कोणताही असो, खांब रचायला वहिवाटीचा रस्ता लागतो, आणि असा रस्ता निर्जन अरण्यात कोणी बांधत नाही. गोंडांची सत्ता १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेली, पुढे इंग्रज आले. १९३५ मध्ये इथे शिकारबंदी झाली. ज्यांना हे रान आपोआप टिकले असे वाटते, त्यांनी या बंदीचे साल ध्यानात ठेवावे.

त्याहून बोलका पुरावा सफारीच्या जिप्सीतून दिसतो, पण त्याकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. नवेगाव, जामणी, बोटेझरी ही जुनी गावठाणे. तिथल्या लोकांचे गाभ्याबाहेर पुनर्वसन झाले, शेते पडीक झाली आणि त्यांवर गवत माजले. दाट सागवनात न मिळणारा हिरवा चारा तिथे मिळतो म्हणून चितळ, सांबर व गवे येतात. त्यांच्यामागे वाघ येतो. हमखास दर्शनाच्या म्हणून नावाजलेल्या जागांत ही कुरणे येतात, आणि ती नांगराच्या फाळाने तयार झालेली आहेत.

यावर आक्षेप असा की माणूस बाहेर गेल्यानंतरच वाघ वाढले, तेव्हा माणसाचा अभाव हेच खरे कारण. त्यात तथ्य आहे. २०२२ च्या अंदाजात प्रकल्पात ९७ वाघ मोजले गेले, आणि शांततेवाचून वाघीण पिल्ले वाढवत नाही. पण अभाव हे पुरेसे कारण असते, तर शेजारच्या ब्रह्मपुरी वनविभागात, भाताची शेते आणि गावे यांच्यात, वाघ इतके नसते. तिथे माणसे व गुरे मारली जातात. ती किंमत मान्य करूनच हे उदाहरण द्यावे लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसाचा हात मान्य केला की कोळसा खाणींनाही दार उघडते. तसे होत नाही. गावाने सोडलेले शेत पाच-दहा वर्षांत कुरण होते, तर उघड्या खाणीचा खड्डा वाघांचा ये-जा मार्ग तोडतो. हात कोणाचा, हे विचारण्याऐवजी त्याने मागे काय ठेवले हे विचारले पाहिजे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राला पाणी देणारे इरई धरण याच कसोटीवर अवघड ठरते: प्रकल्पाच्या कडेला त्याने पक्ष्यांना विस्तीर्ण जलाशय दिला आणि चंद्रपूरला धूरही.

इतर प्राणी: बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, नीलगाय, चौशिंगा, भेकर, तळ्यात मगरी. परिसरातील लोकांचे उत्पन्न धानशेती, तेंदूपाने, मोहफुले व पर्यटन यांवर. पर्यटनातून गाईड, जिप्सीचालक व हॉटेलांत रोजगार मिळतो.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या गाभा क्षेत्रांतील पर्यटन काही महिने थांबवले होते. त्यानंतरच्या नियमांनुसार गाभ्याचा मर्यादित भागच वाहनांना खुला असतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही प्रमुख प्रवेशद्वारे. आगरझरी, जुनोना इत्यादी बफरमध्ये. मंगळवारी सफारी बंद. गाभा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो.