सहा आकडी पिन

परवा रविवारी टेबलाचे खण आवरायला काढले. (हा उत्साह मला वर्षातून एकदा येतो आणि साधारण जेवणाच्या वेळेपर्यंत टिकतो.) तळाशी एक कार्ड सापडलं. २००८ सालचा माझा फोटो, डोक्यावर आजच्यापेक्षा बरेच जास्त केस, सोनेरी चिप, मागे चुंबकीय पट्टी, आणि २०१३ मध्येच संपलेली मुदत. अमेरिकेतल्या बंदरांवर काम करणाऱ्यांना लागणारं हे ओळखपत्र. पूर्ण नाव ट्रान्सपोर्टेशन वर्कर आयडेंटिफिकेशन क्रेडेन्शियल, पण एवढं म्हणायला वेळ कुणाला आहे? सगळे 'ट्विक' म्हणतात.

कार्ड हातात घेतल्याबरोबर मनात आलं, अरे, ह्याचा पिन काय होता? सहा आकडे होते एवढंच आठवलं. मग लक्षात आलं की तो पिन मी आयुष्यात एकदाच वापरला होता, ज्या दिवशी ठरवला त्या दिवशी!

तेव्हा मी ह्यूस्टनला होतो, एच-वन व्हिसावर. कंटेनरची ये-जा नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम होतं आणि ते बसवायला टर्मिनलच्या आत जावं लागायचं. आत जायचं तर ट्विक हवं. ट्विकसाठी दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत कागदपत्रं, दहा बोटांचे ठसे, फोटो आणि १३२ डॉलर ५० सेंट. मग काही आठवडे थांबायचं. कार्ड तयार झालं की पुन्हा त्याच केंद्रावर जाऊन ते 'ॲक्टिव्हेट' करून घ्यायचं. म्हणजे कार्ड रीडरमध्ये घालायचं, बोट काचेवर ठेवायचं, कार्डातला ठसा आणि आपलं बोट जुळलं की सहा आकडी पिन ठरवून दोनदा दाबायचा. हे झाल्याशिवाय कार्ड म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.

माझी दुसरी फेरी ऑक्टोबर २००८ च्या सुरुवातीला झाली. आइक चक्रीवादळ येऊन महिनाही झाला नव्हता, घरांच्या छपरांवर अजून निळ्या ताडपत्र्या होत्या. रांगेत माझ्यापुढे एक ट्रकवाला होता. त्याचं बोट काही केल्या जुळेना. वर्षानुवर्षं साखळ्या आणि लोखंडी कड्या हाताळून रेषाच झिजलेल्या. बाई म्हणाली, हात पुसा. त्याने पुसले. मग दुसरं बोट, मग पहिलं जरा जोरात दाबून. चौथ्या की पाचव्या वेळी जुळलं. वळताना तो मला म्हणाला, माझ्या दोन दिवसांच्या खेपा गेल्या ह्यात. बंदरातून माल ओढणाऱ्या बहुतेक ट्रकवाल्यांना तासावर पैसे मिळत नाहीत, खेपेवर मिळतात. मी मात्र पगारी वेळात रांगेत उभा होतो, कंपनीने फी भरलेली, हातात कॉफी. तेव्हा ह्या फरकाकडे माझं फारसं लक्ष गेलं नव्हतं.

तर हे कार्ड आलं कुठून? सरळ उत्तर म्हणजे ११ सप्टेंबर २००१. विमानतळांनंतर बंदरांकडे लक्ष गेलं आणि नोव्हेंबर २००२ मध्ये मेरीटाइम ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲक्ट झाला. बंदराच्या सुरक्षित भागात एकट्याने वावरणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची आणि त्याला बोटाच्या ठशाचं कार्ड द्यायचं. कार्ड देणार टीएसए, तेच २०२५ पर्यंत विमानतळावर आपले बूट काढायला लावणारे. गेटवर अंमलबजावणी कोस्ट गार्डची. एका कार्डाचे दोन मालक! आपल्या धंद्यात ह्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको. नियम यायला जानेवारी २००७ उजाडला. पहिली नोंदणी ऑक्टोबर २००७ मध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन बंदरावर झाली आणि मुदत सप्टेंबर २००८ वरून १५ एप्रिल २००९ वर गेली. सुरुवातीचा अंदाज साडेसात लाख लोकांचा होता, प्रत्यक्षात दहा लाखांच्या वर आले.

पण गोदी कामगारांना कार्ड देऊन चाळण्याची ही अमेरिकेची पहिलीच खेप नव्हती, आणि ते मला खूप उशिरा कळलं. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. ऑगस्टमध्ये मॅग्नुसन ॲक्ट आला, ऑक्टोबरमध्ये ट्रुमनचा हुकूम निघाला आणि खलाशी व गोदी कामगारांची 'निष्ठा' तपासायचं काम कोस्ट गार्डकडे आलं. पास झाला तर कार्ड, नाही तर समुद्रावरची नोकरी बंद. निष्ठा कशी तपासायची? कुणीतरी गुपचूप काहीतरी सांगितलेलं असायचं. कुणी सांगितलं ते कळायचं नाही, नेमकं काय सांगितलं तेही नाही. त्यावर तुम्ही खुलासा करायचा! डाव्या युनियनवाले त्यात जास्त सापडले. मरीन कुक्स अँड स्टुअर्ड्स नावाची जहाजावरच्या आचारी-वाढप्यांची युनियन होती, तिच्यात कृष्णवर्णीय सभासद बरेच. त्यांना ह्या चाळणीचा फटका जोरात बसला.

काही खलाशी कोर्टात गेले. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील कोर्टाने 'पार्कर विरुद्ध लेस्टर' खटल्यात निकाल दिला की आरोपाचा तपशील न देता, निनावी खबऱ्यांच्या भरवशावर माणसाची रोजीरोटी काढून घेणं घटनेत बसत नाही. खलाशी जिंकले, पण मधली पाच वर्षं गेली ती गेलीच.

२००२ चा कायदा त्या मानाने शहाणा निघाला, हे कबूल करायला हवं. त्याच्या नियमांत गुन्ह्यांची यादी होती. हेरगिरी, खून असल्या गुन्ह्यांना कायमची बंदी. काही गुन्ह्यांना शिक्षा ठरल्यापासून सात वर्षं किंवा तुरुंगातून सुटल्यापासून पाच वर्षं. अपिलाची सोय होती आणि सवलतीचीही. अडचण वेगळीकडेच होती. तपासणी एफबीआयच्या नोंदींवरून व्हायची, आणि अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलच्याच २००६ च्या अहवालाप्रमाणे जवळपास निम्म्या नोंदींमध्ये खटल्याचा शेवट लिहिलेलाच नव्हता. अटक झाली एवढीच नोंद. पुढे सुटला का, केस काढून टाकली का, पत्ता नाही. आम्ही ह्याला 'नल व्हॅल्यू' म्हणतो आणि कोडमध्ये ती कशी हाताळायची ह्यावर तासन् तास भांडतो. इथे ती माणसाच्या अंगावर यायची. पंधरा वर्षांपूर्वी सुटलेल्या प्रकरणाचा कागद कोर्टातून शोधून आणायचा, तोही त्यानेच. अपील करणाऱ्यांपैकी बहुतेक जिंकले. तोवर महिनोन्महिने काम नाही. आणि पत्र समजलंच नाही म्हणून ज्यांनी अपीलच केलं नाही त्यांचं काय?

आता पिनकडे येतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या स्मार्ट कार्डाचं एक मानक आहे, फिप्स २०१. त्याप्रमाणे कार्डातला ठसा वाचायचा तर कार्ड रीडरमध्ये खुपसायचं आणि पिन दाबायचा. वॉशिंग्टनच्या एसी ऑफिसात हे ठीक आहे. बंदरावर? खारी हवा, धूळ, ग्रीस, हातमोजे, मागे ट्रकची रांग. खाचेत कार्ड घालायचे रीडर तिथे किती दिवस टिकणार? बंदरवाले म्हणाले, आम्हाला लांबून वाचणारं कार्ड द्या, आणि पिन नको. पण ठसा हवेतून पाठवायचा तर वाटेत कुणी चोरेल. त्यावर काढलेली तोड मला आजही आवडते. ठसा एन्क्रिप्ट करून पाठवायचा आणि तो उलगडायची किल्ली मागच्या चुंबकीय पट्टीवर ठेवायची. पट्टी एकदा घासून किल्ली गेटच्या सिस्टिममध्ये साठवली की पुढे नुसतं कार्ड जवळ धरलं तरी पुरे.

थोडक्यात, रोजच्या गेटसाठी पिनची गरज उरली नाही. ॲक्टिव्हेशनला मात्र तो राहिला. लाखो लोकांनी काळजीपूर्वक पिन ठरवला आणि साहजिकच विसरून गेले.

विसरलात तर रीसेट करता येईल, असं सांगितलेलं होतं. २१ ऑक्टोबर २००८ ला नोंदणी-ॲक्टिव्हेशनची सिस्टिम जिथे चालायची तिथली वीज गेली. एक हार्डवेअरचा भाग उडाला आणि बदली भाग ठेवलेलाच नव्हता. ॲक्टिव्हेशन काही दिवस ठप्प. सिस्टिम परत उभी राहिली तेव्हा कळलं की आधी दिलेल्या ४,१०,००० कार्डांचे पिन आता रीसेट होऊ शकत नाहीत. पिन विसरला असेल तर नवं कार्डच घ्यायचं. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे जीएओने, २००९ च्या अहवालात हे सगळं लिहिलंय. आपत्तीनंतर सिस्टिम उभी करायची योजनाच नव्हती, हेही त्यात आहे. हे वाचताना मला घाम फुटला, कारण आमच्याकडेही ती योजना बरीच वर्षं 'पुढच्या रिलीजमध्ये' असायची. माझं कार्ड त्या चार लाख दहा हजारांतलं. मला पत्ताही नव्हता, कारण मला पिन कुणी विचारलाच नाही.

का विचारला नाही? कारण गेटवर रीडरच नव्हते. कार्डं आधी आली, ती वाचायची यंत्रं राहिली मागे. पहारेकरी फोटो बघायचा, तोंड बघायचा, हात हलवायचा. जीएओच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे त्यांची माणसं नकली ट्विक दाखवून बंदरांत शिरली, एकदा तर खोटा स्फोटक साठा ठेवलेली गाडी घेऊन. रीडरच्या चाचण्या झाल्या, पण त्यांच्या निष्कर्षांवर भरवसा ठेवता येणार नाही असं जीएओनेच २०१३ मध्ये सांगितलं. शेवटी २०१६ मध्ये रीडरचा नियम आला तो तीन हजारांहून जास्त ठिकाणांपैकी ५२५ ठिकाणांसाठी आणि एका जहाजासाठी. हो, एका! त्यांतल्याही काहींची मुदत नंतर पुन्हा पुन्हा पुढे गेली.

दुसरी फेरी मात्र गेली. २०१२ च्या कायद्यात संसदेने सांगितलं की कामगाराला एकदाच बोलवा. २०१३ मध्ये अलास्का आणि मिशिगनमध्ये सुरुवात झाली आणि २०१४ पासून देशभर कार्ड टपालाने घरी यायला लागलं. माझ्यापुढच्या त्या ट्रकवाल्याची एक खेप तरी वाचली असेल.

कार्ड पुन्हा खणात टाकण्याआधी एक आठवण लिहून ठेवतो. २००९ च्या उन्हाळ्यात टर्मिनलवर काम करत असताना धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या शिडीपाशी दोघंजण मराठीत बोलताना ऐकू आले. एक रत्नागिरीचा, जहाजावर फिटर. कितीतरी दिवसांनी जमीन दिसत होती, व्हिसा खिशात होता, तरी शिडीच्या पुढे येता येत नव्हतं. ट्विक नसलेल्याला गेटपर्यंत सोबत हवी, आणि त्या टर्मिनलवर सोबतीचे पैसे पडायचे. (खलाशांना फुकट वाट द्या असा कायदा २०१० मध्ये झाला, त्याचा नियम यायला २०१९ साल लागलं.) त्याला घरी फोन करायचा होता. मी संध्याकाळी बाहेरून कॉलिंग कार्ड आणून दिलं. पैसे देताना त्याची नजर माझ्या गळ्यातल्या ट्विककडे गेली.

"ह्यानं गेट उघडतं काय ओ?"

"उघडत काही नाही. तो बघतो आणि सोडतो."

"एवढंच?" तो म्हणाला, आणि कॉलिंग कार्डावरचा नंबर नखाने खरवडायला लागला.