छप्पर चिरी ते सिसवां

तारीख 14 मार्च 2012. मोहालीच्या कडेला, छप्पर चिरीच्या मैदानात तुम्ही निळ्या पगड्यांच्या गर्दीत उभे आहात. समोर 328 फुटांचा फतेह बुर्ज. नांदेडला गुरु गोविंदसिंगांना भेटून पंजाबकडे निघालेल्या बंदासिंग बहादुरानं 1710 साली याच मैदानावर सरहिंदच्या वजीरखानाचा पाडाव केला. आज अकाली दलाचे 84 वर्षांचे प्रकाशसिंग बादल इथेच पाचव्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताहेत.

गर्दी एवढी का खुशीत आहे, हे महाराष्ट्रातून आलेल्या तुम्हाला चटकन उमगत नाही. सत्तेवरचा पक्ष पुन्हा निवडून आला, त्यात काय मोठंसं? आपल्याकडे काँग्रेसनं वर्षानुवर्षं तेच केलं. पण 1966 च्या पुनर्रचनेनंतर पंजाबात असं एकदाही घडलेलं नव्हतं. एकदा अकाली, एकदा काँग्रेस. मतदार दर वेळी भाकरी फिरवत आला. या वेळी अकाली 56, भाजप 12, म्हणजे 117 पैकी 68. काँग्रेस 46 वर अडकली. मनप्रीत बादलांच्या नव्या पक्षानं मतं फोडली, तीही काँग्रेसला भोवली. काकांची सत्ता वाचवण्यात घर सोडून गेलेल्या पुतण्याचाही हात लागला, याची गंमत पवारांच्या महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको.

त्या दिवशी हरलेल्या काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते कॅप्टन अमरिंदरसिंग. त्यांच्यासाठीच आता पाच वर्षं पुढे चला.

11 मार्च 2017. कॅप्टनचा पंचाहत्तरावा वाढदिवस आणि मतमोजणीही त्याच दिवशी. काँग्रेस 77, आम आदमी पक्ष 20, अकाली 15. प्रचारात कॅप्टन म्हणत होते की ही आपली शेवटची निवडणूक. तुमच्या शेजारी लाडू वाटणाऱ्या माणसाचा त्यावर विश्वास आहे. तुम्ही मात्र काही बोलू नका. कारण थोड्याच वर्षांत कॅप्टन 2022 लाही उभं राहायचं म्हणू लागतील.

तिथूनच खरा घोळ सुरू होतो. आता सिसवांच्या रस्त्याला लागा. मोहाली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या पायथ्याशी कॅप्टनचं फार्महाऊस आहे. 2021 च्या उन्हाळ्यात पंजाबचं राजकारण या फाटकापाशी येऊन थबकलेलं दिसतं. साहेब भेटत नाहीत, ही आमदारांची तक्रार. बरगाडीतल्या ग्रंथसाहिबाच्या विटंबनेचं आणि तिच्या निषेधार्थ जमलेल्यांवर 2015 मध्ये कोटकपुऱ्यात झालेल्या पोलिस गोळीबाराचं काय झालं, हा गावागावातला सवाल. एप्रिलमध्ये हायकोर्टानं कोटकपुरा प्रकरणाचा तपास अहवालच रद्द केला आणि कॅप्टनच्याच पक्षातल्या नवज्योत सिद्धूंना आयतं कोलीत मिळालं. जुलैत ते प्रदेशाध्यक्ष झाले.

मला यात सिद्धूंपेक्षा समोरची रिकामी बाकं महत्त्वाची वाटतात. कृषी कायद्यांवरून अकालींनी 2020 च्या सप्टेंबरात भाजपची साथ सोडली, पण त्याआधी बराच काळ दिल्लीची पाठराखण केल्यामुळे शेतकरी त्यांना गावात उभं करीनात. भाजपची अवस्था त्याहून वाईट. आपचे वीस आमदारही फुटत चाललेले, त्यातले तिघे तर जूनमध्ये खुद्द कॅप्टनकडेच आले. विरोधकांचा धाक असला की पक्ष गोळा होऊन राहतो. तो उरला नाही तेव्हा काँग्रेसनं विरोधी पक्षही घरातच उभा केला.

18 सप्टेंबर 2021, शनिवार. आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास काँग्रेसचे पंजाब प्रभारी हरीश रावत यांचं ट्विट आलंय: उद्या संध्याकाळी पाचला चंडीगडच्या काँग्रेस भवनात आमदारांची बैठक. मुख्यमंत्र्यांना डावलून ती बोलावली गेली आहे. तुम्ही राजभवनाच्या बाहेर कॅमेऱ्यांच्या घोळक्यात आहात. बैठकीची वेळ व्हायच्या आत कॅप्टनची गाडी आत जाते. राजीनामा स्वीकारणारे राज्यपाल आपल्या नागपूरचे, बनवारीलाल पुरोहित. इथे येऊन त्यांना तीन आठवडेही झालेले नाहीत. बाहेर येऊन कॅप्टन सांगतात की आपला अपमान झालाय. लपवाछपवी काहीच नाही, आवाजात राग आहे.

पुन्हा लढायचं की नाही, हे ठरवायचा हक्क मुख्यमंत्र्याचा, असं त्या क्षणापर्यंत तुम्हालाही वाटत असेल. फडणवीसांनाही 2019 मध्ये तसंच वाटलं होतं. वसंतराव नाईकांनंतर पहिल्यांदा कुणीतरी पाच वर्षं सलग पूर्ण केली, पुन्हा येणार हेही जाहीर झालं, आणि जागा सर्वाधिक असूनही खुर्ची दुसऱ्याच्या दारात गेली. पण तिथे मित्रपक्षानं हात सोडला होता. इथे कॅप्टनला घरच्यांनीच उठवलं.

दोन दिवसांनी चरणजितसिंग चन्नी शपथ घेतात. याच मोहाली जिल्ह्यातल्या खरड नगरपालिकेचे ते एकेकाळचे अध्यक्ष, आणि पंजाबचे पहिले दलित मुख्यमंत्री. ज्या राज्यात जवळजवळ एक तृतीयांश लोक दलित, तिथे हे व्हायला 2021 उजाडावं लागलं. आणि हाती आले जेमतेम सहा महिने. मोहालीचे आमदार, कॅप्टनचे आरोग्यमंत्री बलबीरसिंग सिद्धू नव्या मंत्रिमंडळातून बाहेर फेकले जातात.

18 जानेवारी 2022, पुन्हा मोहाली. आपचे केजरीवाल मंचावर सांगतात की मुख्यमंत्रिपदासाठी लोकांनी फोनवरून कौल दिला आणि त्यातल्या 93 टक्क्यांनी भगवंत मान यांचं नाव घेतलं. असला कौल मोजणारा पक्षच असतो, ही शंका तुमच्या मनात येते, यायलाच हवी. पण समोरची माणसं ती काढत नाहीत. त्यांना जुन्या दोन घरांपैकी कुणीच नकोय.

10 मार्चला आप 92, काँग्रेस 18, अकाली 3. भाकरी या वेळी तव्यासकट बदलली. लंबीत 94 वर्षांचे बादल पडले, पतियाळात नवा पक्ष काढून उभे राहिलेले कॅप्टन पडले, चन्नी दोन्ही मतदारसंघांत पडले. मोहाली, खरड, डेराबस्सी, जिल्ह्यातल्या तिन्ही जागा आपकडे.

परतण्याआधी बलबीरसिंग सिद्धूंचं पुढे काय झालं तेवढं पाहून घ्या. जून 2022 मध्ये ते भाजपमध्ये गेले. सप्टेंबरात कॅप्टनही आपला पक्ष घेऊन तिथेच पोचले. ऑक्टोबर 2023 मध्ये बलबीरसिंग काँग्रेसमध्ये परत आले. कॅप्टन भाजपमध्येच राहिले.