उसाची वंशावळ

ग्रामीण कथेत ऊस येतो तो बहुधा सगळा एकाच जातीचा असल्यासारखा. फड असतो, गुऱ्हाळ असते, काहिलीतून उठणारी वाफ असते. पण हा ऊस कोणता, हे लेखक सांगत नाही आणि वर्गात शिकवताना आपणही विचारत नाही. कोल्हापूरकडचा शेतकरी मात्र आधी तेच विचारतो. त्याच्या तोंडी जातींची नावे आकड्यांची आहेत : ‘शहाऐंशी-बत्तीस’, ‘दोनशे पासष्ट’, त्याच्या वडिलांच्या तोंडी ‘सातशे चाळीस’, आजोबांच्या तोंडी ‘चारशे एकोणीस’.

आकड्यांच्या आधी नावे होती. पुंड्या हा दख्खनचा जाड, रसाळ ऊस. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली तेव्हा ‘को’ हा उपसर्ग कोणालाच ठाऊक नव्हता. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी लागवडीच्या उसाचा रानटी उसाशी, म्हणजे कास या गवताशी, संकर केला आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ बाहेर पडला. तो उत्तरेसाठी होता. दख्खनमध्ये पुंड्याला हटवले ते ‘को ४१९’ने, आणि त्याचे एक जनक जावा बेटावर १९२१ मध्ये निपजलेले ‘पी.ओ.जे. २८७८’. देशीवादावर हिरिरीने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही वंशावळ एकदा तरी पाहावी.

पुढे १९३२ मध्ये नीरा खोऱ्यात पाडेगावचे संशोधन केंद्र उभे राहिले. ‘को ८६०३२’ महाराष्ट्रात आला तेव्हा त्याचे ‘नीरा’ असे बारसेही झाले. ते नाव कागदावर राहिले; लोकांनी आकडाच उचलला.

ऊस बियाण्यातून नव्हे, बेण्यातून लावतात. संकरातून उगवलेल्या हजारो रोपांतून एक निवडायचे आणि त्याच्याच कांड्या पिढ्यान्पिढ्या लावायच्या. त्यामुळे एका जातीचा सारा फड हे वस्तुतः एकाच रोपाचे वाढलेले शरीर असते. ‘सातशे चाळीस’ काणी रोगाला बळी पडे. असा दुबळेपणा एका शेताचा राहत नाही, साऱ्या जातीचा होतो.

मग ‘सुधारित वाण’ या शब्दातली सुधारणा कोणाच्या मापाने मोजायची? कारखाना साखरेचा उतारा पाहतो, शेतकरी टनेज पाहतो, गुळव्या रंग आणि कणी पाहतो. २००७ मध्ये आलेला ‘फुले २६५’ टनेज भरभरून देतो, चोपण जमिनीतही तग धरतो. पण उशिरा पक्व होतो, म्हणून उताऱ्याच्या हिशेबात कारखान्यांची त्याच्यावर नाराजी. गुळासाठी कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राने ‘को ९२००५’ पुढे आणला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले ते स्थळाच्या नावाने. मानांकनात गाव टिकते. काहिलीत पुंड्याचा रस आता नाही, आणि त्या गुळाची चव कशी होती हे कोणत्याही कथेने नोंदवून ठेवलेले नाही.

शेतकऱ्याला उसाचा तुरा नको असतो, कारण तुरा आला की वाढ थांबते आणि ऊस पोकळ पडू लागतो. पैदासकार मात्र त्या तुऱ्याचीच वाट पाहत असतो, कारण संकर करायचा तो फुलातूनच. म्हणूनच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे पैदास केंद्र आंबोलीच्या घाटमाथ्यावर आहे, जेथे उसाला चांगला तुरा येतो.