डावी भकाळी

परळच्या जनावरांच्या दवाखान्याला आमच्याकडची माणसं अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. पाटीवर नाव आहे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात ते उभं राहिलं आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकाचं कॉलेज तिथेच सुरू झालं. मी त्या कॉलेजची विद्यार्थिनी. पुढे प्रभादेवीत राहून आयुष्यभर जनावरं तपासली. मुंबईचा आजारांचा इतिहास म्हटला की लोकांना प्लेग आठवतो. मला आठवतात ती फुगलेली पोटं. जनावराच्या पोटात काय जातं हे शहरात माणूसच ठरवतो, म्हणून पोटफुगीचा इतिहास हा आपल्याच वागण्याचा इतिहास आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी घोडे आले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, आणि ट्राम कंपनीकडे तेव्हा शेकडो घोडे होते. घोड्याला ओकता येत नाही. त्याचं जठरही देहाच्या मानाने लहान. कोरडा दाणा भराभर खाल्ला, पाणी कमी पडलं, कामाच्या वेळा बदलल्या की पोटशूळ उठतो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, लोळतो. जुने सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, ही लक्षणं पुस्तकाशिवाय ओळखत. कॉलेजचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी मुंबईला येण्याआधीच, १८८१ मध्ये, गुरांच्या रोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता, पुढे हत्तींच्या रोगांवरही लिहिलं. १८९१ मध्ये ते मुंबईतच वारले. एवढ्या थोड्या वर्षांत त्यांनी इथे जी शिस्त लावली, तिचं मला फार मोल वाटतं.

पण पोटफुगीची खरी शाळा म्हणजे म्हशींचे तबेले. मुंबईला दूध हवं होतं आणि ते नासायच्या आत घरी पोचायला हवं होतं, म्हणून म्हशी शहरातच, वस्तीला लागून बांधलेल्या असत. चरायला रान नाही. दावणीला उभं राहून पेंड, चुनी, भुसा खायचा आणि दूध द्यायचं. म्हशीचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला कप्पा, शंभर लिटरहून मोठं असतं. त्यात चारा आंबतो आणि तासाला तीसएक लिटर वायू तयार होतो. तो ढेकरांवाटे निघून जातो. ढेकर अडली, किंवा दाणा जास्त झाल्याने आतला वायू फेसात अडकला, की डावी भकाळी भरून येते. शेवटच्या बरगडीमागचा तो खळगा एरवी आत गेलेला असतो. तो पाठीच्या कण्याबरोबर आला आणि बोटाने टिचकी मारल्यावर ढोलासारखा वाजला, तर थांबायला वेळ नसतो. फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि जनावर गुदमरून मरतं. आमचे गुरुजी सांगत, आधी भकाळीवर हात ठेव, मग मालकाशी बोल.

फेस मोडायला गोडं तेल पाजायचं, पण डोकं फार वर न ओढता, सावकाश. नाहीतर तेल फुफ्फुसात जातं. अगदीच जीवावर बेतलं तर भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळीत बसवलेली टोकदार सळई, खुपसून नळी आत ठेवायची आणि वायू हळूहळू सोडायचा. ते काम डॉक्टरचंच.

१९४९ पासून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या हजारो म्हशी तिकडे गेल्या. दुधाच्या इतिहासात खुरोडींचं नाव येतं. म्हशींना मिळालेला हिरवा चारा आणि मोकळी हवा यांचं श्रेयही त्यांना द्यायला हवं.

शहरात गायी मात्र उरल्या. देवळाबाहेर बांधलेल्या गाईला माणसं श्रद्धेने लाडू आणि पिठाचे गोळे भरवतात. पोळ्याला गावोगाव बैलांना पोटभर पुरणपोळी घालतात. एवढं गोड आणि पिठूळ अन्न अचानक गेलं की कोटीपोटात आम्ल माजतं, रवंथ थांबतं, जनावर आडवं होतं. एक घास नैवेद्य म्हणून द्या, बाकी पेंढी गवताची द्या. उकिरड्यावरच्या पिशव्यांचं दुःख तर वेगळंच. पिशवी पचतही नाही, पुढेही सरकत नाही. कोटीपोट उघडून प्लास्टिकचे लगदेच्या लगदे काढावे लागतात. राज्याने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आणली, तरी शिळं अन्न पिशवीला गाठ मारून टाकणारे हात अजून थांबलेले नाहीत.

आता प्रभादेवीत गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि लिफ्टमधून ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड उतरू लागले. खोल छातीच्या या कुत्र्यांचं जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेतं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रं जातं. पोट ताठ होतं, लाळ गळते, एका जागी बसवत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओकाऱ्या काढूनही काही पडत नाही. असं दिसलं की ओवा, हिंग, सोडा काही पाजू नका. रात्र असली तरी निघा, आणि निघताना दवाखान्यात फोन करून ठेवा, म्हणजे एक्स-रेची तयारी होते.

हे टाळायला एकदाच भरपूर जेवण घालण्याऐवजी दोन-तीन वेळा विभागून द्यावं. अधाशी कुत्र्याला उंचवट्यांच्या थाळीत वाढावं, म्हणजे तो सावकाश खातो. जेवल्यावर तासभर तरी पळवू नये. भांडं स्टँडवर उंच ठेवलं की बरं असतं, असं पूर्वी सांगत. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० मधल्या अभ्यासात मोठ्या जातींना त्यानेच धोका वाढलेला आढळला, म्हणून मी ते स्टँड काढायला लावते. आई-बापांपैकी कोणाला हा पीळ पडला असेल, तर नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करता येतं. ग्रेट डेनच्या मालकांना मी हे पिल्लाच्या पहिल्या लसीलाच सांगते.