सिद्धांत

सिद्धांत म्हणजे एखाद्या विषयातील अनेक तथ्ये, निरीक्षणे किंवा विधाने यांना एकत्र बांधणारी आणि त्यांचा अर्थ लावणारी सुसंगत विचारमांडणी होय. इंग्रजीतील ‘थिअरी’ या शब्दासाठी मराठीत सिद्धांत हा शब्द सर्वाधिक रूढ आहे. मात्र संदर्भानुसार उपपत्ती, मीमांसा, वाद, शास्त्र हे शब्दही त्याच अर्थाने योजले जातात. भौतिकशास्त्र, गणित, कायदा, समाजशास्त्र, संगीत अशा क्षेत्रांत सिद्धांत या संज्ञेचा अर्थ एकच नाही. एखादा सिद्धांत कशाच्या आधारे स्वीकारला जातो आणि कशामुळे बाद होतो, हे प्रत्येक क्षेत्रात वेगळे असते. अर्थातील फरक मुख्यतः तेथून उद्भवतो.

व्युत्पत्ती आणि मराठी पर्याय

‘सिद्धांत’ हा संस्कृत शब्द ‘सिद्ध’ आणि ‘अंत’ यांपासून बनला असून विचाराअंती प्रस्थापित झालेला निर्णय असा त्याचा अर्थ आहे. ‘थिअरी’ या शब्दाचे मूळ ‘पाहणे’, ‘अवलोकन करणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. त्या दृष्टीने तो संस्कृतमधील ‘दर्शन’ या शब्दाला जवळचा ठरतो. मूळ अर्थांतील या फरकामुळे मराठीत एक अडचण निर्माण होते. ‘सिद्धांत’ म्हणताच ती गोष्ट कायमची सिद्ध झाली आहे असे सूचित होते, तर बोलीभाषेत वापरला जाणारा ‘थिअरी’ हा शब्द नुसता अंदाज किंवा तर्क सुचवतो. विज्ञानातील सिद्धांत या दोन्ही टोकांना बसत नाही.

उत्क्रांतिवाद, अणुवाद अशा शब्दांतील ‘वाद’ हे उत्तरपद ‘मत’ किंवा ‘प्रतिपादन’ या अर्थाने येते. त्यावरून तो विषय आज वादग्रस्त आहे असे समजणे चुकीचे आहे. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे प्रात्यक्षिकाखेरीज असलेला लेखी भाग. हा आणखी निराळा अर्थ होय.

भारतीय परंपरेतील संज्ञा

न्यायसूत्रांत सांगितलेल्या सोळा पदार्थांमध्ये सिद्धांताचा समावेश असून त्याचे चार प्रकार मानले आहेत. सर्व शास्त्रांना मान्य असलेला तो सर्वतंत्र सिद्धांत आणि विशिष्ट शास्त्रापुरता मान्य असलेला तो प्रतितंत्र सिद्धांत. ज्याच्या सिद्धीबरोबर इतर गोष्टीही सिद्ध होतात त्यास अधिकरण सिद्धांत म्हणतात. एखादी गोष्ट न तपासता चर्चेपुरती मान्य करून तिच्या विशेषांचा विचार केला, तर तो अभ्युपगम सिद्धांत होय. म्हणजे सर्व सिद्धांत सारख्याच निश्चिततेचे नसतात, ही जाणीव या वर्गीकरणातच आहे.

ज्योतिषशास्त्रात सिद्धांत हे ग्रंथप्रकाराचे नाव आहे. सूर्यसिद्धांत, ब्रह्मगुप्ताचा ब्राह्मस्फुटसिद्धांत (इ. स. ६२८) आणि भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी (इ. स. ११५०) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. वराहमिहिराने पंचसिद्धांतिका या ग्रंथात पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह या पाच सिद्धांतांचा परामर्श घेतला आहे. सिद्धांतग्रंथात ग्रहगणिताची उपपत्ती सविस्तर दिलेली असते, तर अलीकडचा काळ आरंभ मानून सोप्या गणिताने ग्रहस्थिती काढून देणाऱ्या ग्रंथास करणग्रंथ म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव (इ. स. १५२०) हा करणग्रंथ आहे. गणिताने आलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष वेधाशी जुळेनाशी झाली की गणितात जी दुरुस्ती करत, तिला बीजसंस्कार म्हणत. नावात ‘सिद्ध’ असले तरी सिद्धांत आकाशाशी ताडून सुधारला जात असे.

नैसर्गिक विज्ञाने

विज्ञानात परिकल्पना, नियम आणि सिद्धांत या तीन संज्ञा वेगळ्या मानल्या जातात. परिकल्पना (किंवा अभ्युपगम) हे पडताळणीसाठी मांडलेले तात्पुरते उत्तर असते. नियम एखादी नियमितता सांगतो. पुष्कळदा तो गणिती सूत्राच्या रूपात असतो. सिद्धांत ती नियमितता का आढळते याचे स्पष्टीकरण देतो आणि नवी भाकिते करणे शक्य करतो. पुरेसा पुरावा मिळाला की सिद्धांताचा नियम होतो, हा समज चुकीचा आहे. स्थिर तापमानाला वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध बॉइलचा नियम सांगतो, तर वायूंचा गतिज सिद्धांत त्या संबंधाचे कारण रेणूंच्या हालचालींत दाखवतो. दोहोंचे कार्य वेगळे आहे.

सिद्धांताची कसोटी कशी लागते याचे उत्तम उदाहरण गुरुत्वाकर्षणाच्या इतिहासात सापडते. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे युरेनसची कक्षा जुळत नव्हती. तेव्हा एखादा अज्ञात ग्रह असावा असे मानून ल व्हेर्ये याने त्याचे स्थान गणिताने काढले आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक उरत होता. त्यासाठीही त्याने सूर्याजवळ एक ग्रह कल्पिला, पण तो कधीच आढळला नाही. हा फरक अखेर आइन्स्टाइनच्या १९१५ मधील व्यापक सापेक्षता सिद्धांताने स्पष्ट झाला. सूर्याजवळून जाणारा प्रकाशकिरण सुमारे १.७५ विकला वाकेल, असे भाकीतही त्यातून निघाले. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात प्रिन्सिपे बेट आणि ब्राझीलमधील सोब्राल येथे केलेल्या निरीक्षणांनी त्याला पुष्टी दिली. तरीही न्यूटनचा सिद्धांत टाकाऊ ठरला नाही. कमी वेग आणि क्षीण गुरुत्व या मर्यादेत तो आजही वापरला जातो. फ्लॉजिस्टॉनसारखे काही सिद्धांत मात्र पूर्णपणे सोडून द्यावे लागले.

पुराव्याबरोबर कार्यकारणाची यंत्रणा दाखवणेही सिद्धांताच्या स्वीकृतीसाठी महत्त्वाचे असते. आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली, पण खंड कशामुळे सरकतात याचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. सागरतळाच्या अभ्यासानंतर १९६० च्या दशकात भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत पुढे आला, तेव्हा खंडांच्या हालचालीला सर्वसाधारण मान्यता मिळाली.

गणित

गणितात निरीक्षणांचा कितीही मोठा साठा पुरेसा ठरत नाही. तेथे सिद्धताच लागते. १७४२ मध्ये मांडलेली गोल्डबाखची अटकळ फार मोठ्या संख्यांपर्यंत पडताळून पाहिलेली असली, तरी सिद्धतेअभावी ती अटकळच राहिली आहे. मराठी परिभाषेत येथे आणखी एक गुंतागुंत आहे. पायथागोरसचे ‘प्रमेय’ म्हटले जाते, पण बहुपदींच्या प्रकरणात ‘शेष सिद्धांत’ हा शब्द येतो. हे दोन्ही एकाच प्रकारचे, म्हणजे सिद्ध केलेले विधान आहे. ‘संख्या सिद्धांत’ किंवा ‘संच सिद्धांत’ म्हणताना मात्र एखादे विधान अभिप्रेत नसून गणिताची संपूर्ण शाखा अभिप्रेत असते.

सामाजिक शास्त्रे

समाजाच्या अभ्यासात प्रयोगशाळेसारखे नियंत्रण सहसा शक्य नसते. त्यामुळे एकाच घटनेचे अनेक सिद्धांत दीर्घकाळ शेजारी नांदू शकतात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेला भारतातील जातींविषयीचा निबंध हे याचे उदाहरण आहे. सेनार, नेसफील्ड, रिझ्ली आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्यांची चिकित्सा करून, जातीच्या बाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हेच जातिसंस्थेचे मूळ लक्षण आहे असे त्यांनी प्रतिपादले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांची सांगड त्यांनी त्याच निर्बंधाशी घातली आणि जातींचा प्रसार अनुकरणाने झाला असे स्पष्टीकरण दिले. वेगवेगळी वाटणारी तथ्ये एका कारणाखाली आणणे, हे सिद्धांताचे कार्य येथे स्पष्ट दिसते.

कायदा

कायद्यात सिद्धांत म्हणजे न्यायालयांनी स्वीकारलेले आणि पुढील निर्णयांना आधारभूत ठरणारे तत्त्व. केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ मतांनी संविधानाच्या मूलभूत संरचनेचा सिद्धांत मान्य केला. हा सिद्धांत एखाद्या घटनेचे स्पष्टीकरण देत नाही. संसदेच्या संविधान दुरुस्तीच्या अधिकाराला तो मर्यादा घालतो. त्याचे बळ निरीक्षणात नसून न्यायिक अधिकारात आणि युक्तिवादात आहे.

संगीत आणि साहित्य

कलांमध्ये सिद्धांत बहुधा प्रत्यक्ष आविष्कारानंतर येतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले. चारुकेशी, कीरवाणी यांसारखे राग या दहांपैकी कोणत्याही थाटात नीट बसत नाहीत. पण त्यामुळे ते राग चुकीचे ठरत नाहीत. वर्गीकरणाची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. साहित्यशास्त्रात भरताच्या नाट्यशास्त्रातील रससिद्धांतावर अभिनवगुप्तासह अनेकांनी भाष्ये केली. तेथे रसास्वादाचे अधिक समाधानकारक विवेचन ही कसोटी मानली गेली.

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील चर्चा

वैज्ञानिक सिद्धांत कशाला म्हणावे याविषयी विसाव्या शतकात बरीच चर्चा झाली. कार्ल पॉपरच्या मते, जो सिद्धांत कोणत्याही निरीक्षणाने खोटा ठरूच शकत नाही तो वैज्ञानिक नव्हे. थॉमस कून याने १९६२ मध्ये असे मांडले की वैज्ञानिक एखाद्या विसंगतीमुळे लगेच सिद्धांत सोडत नाहीत. विसंगती साचत गेल्यावर विचाराची संपूर्ण चौकटच बदलते. नेपच्यून आणि बुध यांच्या उदाहरणांत या दोन्ही मतांना आधार सापडतो.

सामान्य गैरसमज

‘हा केवळ एक सिद्धांत आहे’ असे म्हणून उत्क्रांतीसारख्या विषयाचे महत्त्व कमी लेखले जाते. या विधानात बोलीभाषेतील अर्थ विज्ञानातील संज्ञेला चिकटवलेला असतो. रोग सूक्ष्मजंतूंमुळे होतात हाही सिद्धांतच आहे आणि लसीकरण, निर्जंतुकीकरण त्यावर आधारलेले आहे. याउलट, ‘सिद्धांत आहे म्हणजे त्यात बदल होणार नाही’ ही समजूतही तितकीच चुकीची आहे. शिवाय एका क्षेत्राची कसोटी दुसऱ्या क्षेत्राला लावल्यानेही घोटाळा होतो. गणितासारखी सिद्धता जीवशास्त्राकडून मागता येत नाही आणि कायद्यातील तत्त्व प्रयोगशाळेत तपासता येत नाही.