उत्तर डब्लिनचा सोल: ‘द कमिटमेंट्स’

‘द कमिटमेंट्स’ हा ॲलन पार्कर यांचा 1991 सालचा चित्रपट. उत्तर डब्लिनमधली कामगार घरांतली, बरीचशी बेकार पोरे सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा बँड काढतात आणि नाव होण्याच्या बेतात असतानाच भांडून फुटतात, एवढीच त्याची गोष्ट. ती रॉडी डॉयल यांच्या 1987च्या कादंबरीवरून घेतलेली. डॉयल तेव्हा किलबॅरक वस्तीतल्या शाळेत शिकवत. कादंबरी त्यांनी आधी स्वतःच छापली. पुढल्या वर्षी लंडनच्या प्रकाशकाने काढली. तिच्यातले बॅरीटाउन काल्पनिक, पण घडवलेले किलबॅरकवरूनच.

लिफी नदीच्या दक्षिणेला सुखवस्तू आणि उत्तरेला कष्टकरी, ही डब्लिनकरांची जुनी, ढोबळ समजूत. मध्यवस्तीतल्या मोडकळीला आलेल्या घरांतली कुटुंबे शहराच्या कडेच्या सरकारी वसाहतींत हलवली गेली. अशाच वसाहतींपैकी बॅलिमनचे उंच मनोरे 1960च्या दशकात उभे राहिले. 1980च्या दशकाच्या मध्यात आयर्लंडमधली बेरोजगारी 17 टक्क्यांच्या घरात पोहोचली होती. बेकारभत्ता घ्यायचा, नाहीतर इंग्लंड-अमेरिका गाठायची, असे ते दिवस.

बँड जमवणारा जिमी रॅबिट पोरांना समजावतो, की आयरिश म्हणजे युरोपातले कृष्णवर्णीय, म्हणून सोल हे आपलेच संगीत. इतिहास म्हणून हे टिकत नाही; अमेरिकेतली गुलामगिरी आणि वर्णभेद यांची बरोबरी डब्लिनच्या गरिबीशी होत नाही. शिवाय सोलची गाणी स्वतःच बरीच फिरलेली. बँड गातो त्यांपैकी ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे 1932 सालचे गोऱ्यांच्या नाचाच्या वाद्यवृंदांचे गाणे. ओटिस रेडिंग यांनी 1966मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीसाठी ते गायले आणि तेव्हापासून ते सोलचेच झाले.

डब्लिनला हे संगीत वाजवता आले त्यामागचे एक कारण जिमीच्या सिद्धान्ताहून साधे आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून 1970च्या दशकापर्यंत आयर्लंडच्या गावोगावच्या नाचघरांत ‘शोबँड’ वाजत. एकसारखे सूट, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा आणि त्या त्या वेळी गाजणारी अमेरिकी-इंग्लिश गाणी हा त्यांचा रोजचा धंदा. डिस्को आल्यावर तो बसला, पण ती गाणी पोटासाठी वाजवलेले, गायलेले लोक शहरात उरलेच.

पार्कर यांनी नटांऐवजी वादक-गायक निवडायचे ठरवले आणि सुमारे 3,000 जणांना पारखले. मुख्य गायक डेको त्यांना जवळजवळ चुकून मिळाला. निवडीच्या वेळी गाण्यासाठी रॉब स्ट्राँग हे शोबँडमध्ये मुरलेले गायक आले होते. पार्कर यांची नजर गेली त्यांच्या मुलावर. अँड्र्यू स्ट्राँग तेव्हा 16 वर्षांचा होता. आवाज मात्र चाळिशीतल्या माणसाचा. चित्रपटात त्याचे गाणे ऐकताना जिमीच्या सिद्धान्ताची आठवणही होत नाही, आणि चित्रपट टिकला तो यामुळेच.

ब्रिटनच्या बाफ्टाचे चार पुरस्कार चित्रपटाला मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही. गिटारवाल्या आउटस्पॅनचे काम करणाऱ्या ग्लेन हॅन्सर्ड यांना पुढे ‘वन्स’ या चित्रपटातल्या गाण्यासाठी 2008मध्ये ऑस्कर मिळाले. पडद्यावर बँड फुटला. प्रत्यक्षात त्यातले काही कलाकार पुढे अनेक वर्षे त्याच नावावर जाहीर कार्यक्रम करत राहिले.