शिमग्यातला शब्द

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा झाला आणि पावसाळा संपायच्या आत मोडला. मोडला म्हणजे तिनं मोडला. मुलगा पुण्यात एका कंपनीत पर्मनंट आहे असं सांगितलं होतं. ती नोकरी दीड वर्षापूर्वीच सुटली होती. फ्लॅटचे म्हणून जे हप्ते सांगितले होते, ते मोबाईलवरच्या ॲपांवरून उचललेल्या कर्जांचे निघाले. हे कळलं कसं, तर वसुलीवाल्यांनी एक दिवस थेट तिलाच फोन केला. कर्जाच्या अर्जात ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून त्यानं तिचा नंबर टाकला होता.

कर्जाचं तिला एवढं काही वाटलं नाही. चार महिने रोज रात्री तो ‘आज ऑफिसात काय झालं’ हे रंगवून सांगत होता, साहेबाच्या नकला करत होता, ते लागलं.

सिडकोतल्या त्यांच्या घरी बैठक बसली. मावशी गप्प. मामा बोलायला लागले. मामा वेरूळच्या बाजूचे, शेती तिकडेच. म्हणाले, “शब्द दिलाय म्हणलं आपण. चारशे माणूस जेवून गेलंय. आता काय तोंड दाखवायचं सोयऱ्या-धायऱ्यात? मालोजीराजानं गमतीत पडलेला शब्द सोडला न्हाई, अन् आपण सुपारी फुटल्यावर मागं फिरायचं?”

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. पण मामांनी ती जिथं वापरली, तिथं ती बसते का, हे मला बघावंसं वाटलं. म्हणून हा लेख.

आधी गोष्ट. तिचं सगळ्यात प्रसिद्ध लिखित रूप मिळतं ते जेम्स ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात. साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या डफनं मराठी कागद आणि बखरी जमवून १८२६ मध्ये तो छापला. त्यात साल आहे १५९९. शिमग्याचा सण. सिंदखेडचे लखुजी जाधवराव म्हणजे निजामशाहीतलं बडं प्रस्थ. वेरूळच्या पाटलांच्या घरातले मालोजी भोसले त्यांच्या मानानं साधे शिलेदार. मालोजी आपल्या पाच वर्षांच्या शहाजीला घेऊन जाधवरावांकडे गेले. लखुजींनी त्याला आपल्या तीनेक वर्षांच्या मुलीशेजारी बसवलं आणि थट्टेत तिला विचारलं, काय गं, हा नवरा चालेल का तुला? मग जमलेल्यांकडे बघून म्हणाले, जोडा छान शोभतो. पोरं एकमेकांवर गुलाल उधळायला लागली, सगळे हसले. तेवढ्यात मालोजी आणि त्यांचे भाऊ विठोजी उभे राहिले. म्हणाले, मंडळी, ऐकलंत ना? जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले.

हसणं थांबलं. दुसऱ्या दिवशी लखुजींनी मालोजींना जेवायला बोलावलं. मालोजींनी निरोप पाठवला, जावई म्हणून शहाजीचा स्वीकार करत असाल तर येतो. जाधवरावांनी नकार दिला. त्यांच्या बायकोचा पारा चढला होता, असंही डफ सांगतो. पुढं मालोजी गावी परतले, देवी भवानीनं दृष्टांत देऊन गुप्तधन दाखवलं, श्रीगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे ते ठेवलं गेलं, घोडी खरेदी झाली. मग निजामशाहीनं मनसब दिली, ‘राजे’ हा किताब दिला, पुणे-सुप्याची जहागीर दिली. आता नाही म्हणायला कारण उरलं नाही आणि लग्न थाटात लागलं. डफ म्हणतो, खुद्द सुलतान हजर होता.

गोष्ट म्हणून फर्मास आहे. इतिहास म्हणून तिच्या शिवणी लगेच उसवतात.

जिजाऊंचा जन्म आज आपण १२ जानेवारी १५९८ चा मानतो. सिंदखेडराजाला दरवर्षी त्या दिवशी लाखोंची गर्दी लोटते. तो धरला तर १५९९ च्या शिमग्याला ती सव्वा वर्षाची होते. सव्वा वर्षाचं लेकरू नेम धरून गुलाल कसं उधळणार? शिवाजी महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदानं लिहिलेल्या ‘शिवभारता’त हा रंगाचा प्रसंग नाही. सभासदाच्या बखरीतही नाही. तो येतो तो पुढच्या काळातल्या बखरींमधून, म्हणजे भोसल्यांचं घराणं छत्रपतींचं झाल्यावर. तेव्हा ‘आजोबा एकेकाळी साधे होते, त्यांना हिणवलं, पण त्यांनी करून दाखवलं’ अशी गोष्ट सांगायला कोणाला आवडणार नाही?

गुप्तधनाचंही तसंच. मालोजींचा उत्कर्ष समजायला देवीचा दृष्टांत लागत नाही, कॅलेंडर पुरतं. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही बुडाली म्हणायचं, तर मलिक अंबरनं नवा सुलतान गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली. मोगलांशी लढायला त्याला घोडेस्वार हवे होते आणि ते घेऊन येणारे मराठे सरदार हवे होते. आमचं शहर तेव्हा शहर नव्हतंच. खडकी नावाचं गाव होतं, ते अंबरनं १६१० मध्ये राजधानीसाठी वसवलं. अशा दिवसांत कर्तबगार शिलेदाराचा भाव वर्षा-दोन वर्षांत वधारतो. वेरूळचे भोसले वर आले ते त्या लाटेवर. घृष्णेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी खर्च करण्याइतकी त्यांची ऐपत झाली, हे कोणी नाकारत नाही.

तरीही मला ही गोष्ट फेकून द्यावीशी वाटत नाही. घडलेलं असो वा नसो, दोनशे-अडीचशे वर्षं मराठी माणसांनी ती एकमेकांना सांगितली. म्हणजे सोयरीक, शब्द आणि शब्द मोडणं याबद्दल त्यांना काय वाटत होतं, ते तिच्यात सापडतं. आता ती नीट वाचा.

पहिली गोष्ट, यात कोणीच प्रामाणिक नाही. लखुजी थट्टा करतात आणि अंगावर आल्यावर अंग काढून घेतात. पण मालोजींचं काय? समोरचा हसत बोलतोय हे त्यांना दिसतंय. ते त्या हसण्याचा करार करतात, तोही भर बैठकीत, साक्षीदार मोजून. आपण त्याला चातुर्य म्हणतो. माझ्या बहिणीशी कोणी असं वागलं असतं तर आपण दुसरा शब्द वापरला असता.

दुसरी गोष्ट जाधवरावांच्या बायकोची. बखरकारांनी आणि नंतर कीर्तनकारांनी, सिरियलवाल्यांनी तिला गर्विष्ठ, नाक उडवणारी बाई केली. घराण्याचा तोरा तिला असेलच. पण सगळ्या बैठकीत ‘माझ्या लेकीचं लग्न असं हशात ठरणार नाही’ असं म्हणणारी ती एकटीच होती, हे आपण विसरतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो प्रश्न. काय गं, हा नवरा चालेल का तुला? चारशे वर्षांच्या या कथेत मुलीला विचारल्याची एकमेव जागा ही आहे, आणि तिथंही विचारणं हाच विनोद आहे. उत्तराची कोणी वाट बघत नाही. रागावतात बाप, अडतो सासरा, मान जातो घराण्यांचा.

या सोयरिकीनं दोन्ही घरं जोडली, असं शाळेत शिकवतात. ‘शिवभारता’त वेगळं चित्र आहे. दरबार सुटताना खंडागळे सरदाराचा हत्ती बेफाम झाला, त्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. लखुजींचा मुलगा दत्ताजी मारला गेला. त्याच्या सूडात विठोजींचा मुलगा संभाजी लखुजींच्या हातून पडला, आणि मध्ये आलेला जावई शहाजी सासऱ्याच्याच वारानं जखमी झाला. एका बाईचा भाऊ गेला, दीर गेला, नवरा जखमी झाला, आणि वार करणारा तिचा बाप. पुढं जुलै १६२९ मध्ये निजामशहानं लखुजींना देवगिरीच्या किल्ल्यावर दरबारात बोलावून, मुलानातवासकट ठार केलं. खरा विश्वासघात हा होता, आणि तो शहरापासून पंधरा किलोमीटरवर घडला. आपण तिथं तोफ बघायला जातो. जिजाऊ तेव्हा गरोदर असाव्यात. शिवाजीचा जन्म फेब्रुवारी १६३० चा.

मामांचं म्हणणं होतं, आपल्याकडे शब्द फिरवत नाहीत, ही परंपरा आहे. परंपरेचा कागद काढायचाच तर तो याच भागातला आहे. इथून दक्षिणेला, आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथं सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाच्या शेवटी किंवा बाराव्याच्या सुरुवातीला, विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. महाराष्ट्रातला हिंदू कायदा पुढची आठशे वर्षं बराचसा तिच्यावर चालला.

स्मृती आधी दरडावते. कन्या एकदाच द्यायची, दिलेली परत घेणारा चोराच्या शिक्षेला पात्र. आणि लगेच पुढं सांगते, आधीच्याहून चांगला वर आला तर दिलेलीही परत घ्यावी. आता हे काय? विज्ञानेश्वर गाठ सोडवतो. पहिल्या वराच्या हातून पातक घडलं असेल किंवा त्याचं वर्तन वाईट असेल, तर परत घ्यावी. आणि हे सगळं सातवं पाऊल पडायच्या आधी. म्हणजे वाङ्निश्चय झाला, सुपारी फुटली, गाव जेवलं, तरी सप्तपदीपर्यंत दार उघडं आहे. विनाकारण शब्द फिरवला तर दंड, आणि समोरच्याचा झालेला खर्च व्याजासकट भरून द्यायचा. दोष लपवून मुलगी गळ्यात बांधणाऱ्या बापालाही जबर दंड आहे. नारदानं तर वराचे दोषही मोजून ठेवलेत.

यावरून स्मृतिकार पुरोगामी होते असं मला म्हणायचं नाही. जात, कुळ, कन्येचं ‘दान’ हे सगळं तिथं आहेच, आणि परत घेणारा बापच आहे, मुलगी नाही. पण ‘एकदा ठरलं की संपलं’ हा नियम त्या पोथीत नाही. तो आपण नंतर बैठकीत बसून केला.

इंग्रजी कोर्टांपुढे हाच प्रश्न गेला. १८७० मध्ये उमेद किका विरुद्ध नगीनदास नरोत्तमदास या खटल्यात मुंबई हायकोर्टानं सांगितलं की वाग्दान म्हणजे लग्न नव्हे. कोर्ट कोणाला बळजबरीनं बोहल्यावर चढवणार नाही, फार तर नुकसानभरपाई मागा. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं मुंबईचा निकाल इथं लागू नव्हता; पण पोथी दोन्हीकडे तीच होती.

लग्न मात्र दुसरंच प्रकरण होतं. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी दादाजी भिकाजीकडे नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेला. पहिल्यांदा न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांची बाजू उचलली, पण मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. मी हे बहिणीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे बोहल्याच्या अलीकडे एक दर अन् पलीकडे दुसरा?” हो, तसंच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सप्तपदी आहे, साखरपुड्याचा शब्दसुद्धा नाही.

दुसऱ्या बैठकीत मी मामांना विज्ञानेश्वर सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “पोथीत असंल बाबा. पण लोक पोथी वाचत न्हाईत, लोक पोरीकडं बघत्यात.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर तिनंच दिलं. म्हणाली, “मामा, तुम्ही शब्द दिला तो नोकरीवाल्या माणसाला दिला. तो माणूस नव्हताच. मग मी मोडला कोणाचा?”

मामा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, याद्यांचा कागद आणा.

कागद आला. मानपानाची उपरणी, मुलाची अंगठी, हॉलचे अर्धे पैसे, आचारी, त्यांच्याकडून आलेली साडी आणि चांदीचे जोडवे. दोन्हीकडचा खर्च दोन रकान्यांत मांडून वजाबाकी झाली. मिताक्षरेत असाच हिशेब आहे, फक्त तिथं व्याज धरलंय. मामांनी ते सोडलं. बस्ता बांधायचा राहिला होता, तेवढं वाचलं. साडी आणि जोडवे त्यांच्याकडे पोचते झाले, अंगठी मध्यस्थामार्फत तीन आठवड्यांनी आली, हॉलवाल्यानं ॲडव्हान्स परत दिला नाही.

वसुलीचे फोन दिवाळीपर्यंत येत राहिले. ती प्रत्येक वेळी उचलायची आणि सांगायची, तो माझा कोणी लागत नाही, हा नंबर तुमच्या यादीतून काढा.